गच्चीवर भाजी लावायचीय? आधी एक वही आणा

बाकी सगळं नंतर. माती, कुंड्या, बियाणं, ती हिरवी शेडनेट, सगळं मिळतं आणि कुठेही मिळतं. पण पहिल्या दोन वर्षांत मी काय लावलं, कधी लावलं आणि ते का मेलं यातलं काहीही मला आज आठवत नाही, कारण लिहूनच ठेवलं नव्हतं, आणि त्यामुळे तिसऱ्या वर्षी परत तीच मेथी भर मे महिन्यात पेरून बसले. पाच दिवसांत उगवली, हरखून फोटो काढले, बहिणीला पाठवले, आणि दोन आठवड्यांत सगळी पिवळी पडून आडवी झाली. असं दोनदा झालं की माणूस म्हणतो आपल्या हाताला गुणच नाही. हाताला गुण वगैरे काही नसतं हो, तारीख चुकलेली असते.

मी पुण्यात राहते, चौथ्या मजल्यावर, वर सोसायटीची गच्ची, त्यातला पाण्याच्या टाकीशेजारचा दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा मला मिळालाय (कसा मिळाला ती वेगळी कथा आहे, दोन वर्षं मीटिंगांमध्ये चहा पिऊन मिळाला). ११ वर्षं झाली. शेतीचं शिक्षण शून्य, नोकरी अकाउंट्सची. माहेर वाईकडचं, तिथे मागच्या दारी न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ आपोआप वाढायची, म्हणजे मला तरी वाटायचं की आपोआप, आई रोज काय करायची ते कधी नीट बघितलंच नाही. त्यामुळे खाली जे लिहितेय ते तज्ज्ञ म्हणून नाही, माझ्या वहीतून लिहितेय.

आणि आधीच सांगते, पैसे वाचतील म्हणून करणार असाल तर नका करू. पहिल्या वर्षीचा सगळा खर्च मांडला तेव्हा माझा टोमॅटो साधारण ४०० रुपये किलोने पडला होता, नवरा अजून ऐकवतो.

ऊन मोजा, खडूने

भाजी म्हणजे ऊन. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, वेल यांना दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन पाहिजे, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात, पुदिना आणि अळू त्याहून कमी असलं तरी कुरकुरत नाहीत. आपल्याला वाटतं गच्चीवर काय, ऊनच ऊन. तसं नसतं. एका रविवारी खडू घेऊन वर जा आणि दर दोन तासांनी सावलीची कड जमिनीवर आखा, वेळ लिहा. आणि हेच डिसेंबरात परत करा, कारण पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो आणि डिसेंबरात चांगला दक्षिणेला कललेला असतो. माझ्या टाकीची सावली मे महिन्यात टाकीच्या पायाशी गुंडाळलेली असते, डिसेंबरात तीच सावली उत्तरेकडच्या कुंड्यांची अख्खी रांग गिळते. चार वर्षं मी त्या रांगेत हिवाळी टोमॅटो लावून टोमॅटोला शिव्या घातल्या, बिचाऱ्याला ऊनच मिळत नव्हतं. आता तिथे थंडीत पालक असतो.

बाल्कनीवाल्यांनी हिरमुसू नका. पूर्वेची बाल्कनी पालेभाज्यांना झकास. पश्चिमेची असेल तर दुपारनंतरचं ऊन भाजून काढतं, उन्हाळ्यात शेडनेट किंवा जुनी सुती साडी बांधा. उत्तरेची असेल तर मात्र पुदिना, अळू, लसणाची पात यावर समाधान माना आणि टोमॅटो मंडईतून आणा.

वजन

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा जास्त सांगते. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल एवढी ओली माती भरली तर ती ४५ किलोच्या आसपास जाते. अशा वीस कुंड्या एका जागी मांडल्या म्हणजे जवळजवळ ९०० किलो. जुनी बिल्डिंग असेल तर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, कमिटीची लेखी परवानगी घ्या, वॉटरप्रूफिंग कधी झालंय ते बघा, आणि जड कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता कडेला, खाली बीम असेल तिथे ठेवा. प्रत्येक कुंडीखाली विटा, म्हणजे पाणी वाहून जातं, स्लॅब सुकतो आणि खालच्या काकांच्या बेडरूममध्ये ओल आली की ती तुमच्या नावावर लागत नाही. (तरीही लागते. पण निदान तुम्हाला विटा दाखवता येतात.)

म्हणून नुसती माती भरायची नाही, हलकं मिश्रण करायचं. माझं प्रमाण सध्या असं आहे: एक घमेलं पोयट्याची माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, आणि एक घमेलं हलकं काहीतरी, म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वाळका पालापाचोळा किंवा उसाची चिपाडं, वर दोन मुठी नीमपेंड. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी एकदा-दोनदा पिळून टाका, त्यात क्षार असतात. चिपाडं रसवंतीवाल्याकडे फुकट मिळतात, तो उलट खूश होतो, फक्त ताजी घातली तर मुंग्यांची जत्रा भरते म्हणून ती ओली करून पोत्यात महिना-दीड महिना दडपून ठेवायची. ही चिपाडांची युक्ती माझी नाही, मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाजीपाला काढून दाखवला होता, गच्चीवर बाग करणारे पुष्कळ जण त्या वाटेने आले. शेतातली काळी माती मात्र एकटी कुंडीत घालू नका, पावसात चिखल आणि उन्हात भेगा.

कुंड्यांवर पैसे घालवू नका. रंगाच्या २० लिटरच्या बादल्या टोमॅटो, वांगी, मिरचीला बरोबर बसतात, पेंटरला सांगून ठेवा आणि घासून धुऊन घ्या. मेथी-कोथिंबिरीला सहा ते आठ इंच खोली बास, फळांचे क्रेट आतून जुनं पोतं लावून वापरा. मुळा-गाजराला फूटभर. दुधी, भोपळा, दोडका यांना ४०-५० लिटरचा ड्रम पाहिजे, त्याहून लहान भांड्यात वेल वाढतो पण फळ धरत नाही, नुसता मांडवभर मिरवतो. तळाला चार-पाच भोकं पाडा आणि वर खापरीचे तुकडे ठेवा.

शेणखत घेताना हात घालून बघा, वास घ्या. कुजलेलं खत मातीसारखं लागतं, भुसभुशीत, शेणाचा वास नाही. दुसऱ्या वर्षी मी एका ठिकाणाहून दोन पोती स्वस्तात आणली, अर्धवट कुजलेली. दीड महिन्याने मिरचीची धडधाकट रोपं एकेक करून माना टाकायला लागली, पाणी घातलं तरी सुकलेलीच, शेवटी वैतागून एक बादली पेपरावर उलटी केली तर आत मुळं नाहीतच, आणि पांढरट, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या सात अळ्या. हुमणी. मुळं खाऊन बसलेली. अर्धवट कुजलेल्या शेणखतात हमखास येते. तेव्हापासून मी कुठलंही खत आधी ताडपत्रीवर पसरून दोन दिवस उन्हात ठेवते, अळ्या वर येतात आणि साळुंक्या येऊन साफसफाई करतात.

उलट घरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका आणि औषध ओतू नका. त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा भराभर खातात, रोपांना काही करत नाहीत. मी पहिल्यांदा उकळतं पाणी ओतलं होतं. ओला कचरा एक वाटी तर वाळका पाला दोन वाट्या, एवढं धरलं की कंपोस्टला वास येत नाही, वास आला म्हणजे वाळकं कमी पडलंय.

कधी काय

हीच ती जागा जिथे वही लागते. आपल्याकडे तीन हंगाम आणि प्रत्येकाची भाजी वेगळी, हे शेतकऱ्याच्या पोराला पाळण्यातच कळतं, मला कळायला पाच वर्षं लागली कारण मंडईत बारा महिने सगळं दिसतं.

मृग लागतो ७-८ जूनला, त्याच्या आगेमागे दोन चांगले पाऊस झाले की भेंडी, दोडका, कारलं, काकडी, दुधी, लाल भोपळा, वाल टोकायचे. वांगी, मिरचीची रोपं मेच्या शेवटी सावलीत तयार करायला घ्यायची आणि जुलैत लावायची. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत पालेभाजीच्या नादी लागू नका, मेथी कुजते, कोथिंबीर झोपते, तेव्हा अळू, मायाळू, अंबाडी यांच्यावर दिवस काढा. हस्ताचा पाऊस म्हणजे साधारण २७ सप्टेंबरपासून पुढचे दोन आठवडे, तो ओसरला आणि ऑक्टोबरचा उकाडा जरा उतरला की मग खरी मजा: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, चाकवत, शेपू, वाटाणा, कोबी, फ्लॉवर. टोमॅटोची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरात करून ऑक्टोबरपर्यंत लावली की डिसेंबर-जानेवारीत टोपली भरते. आणि जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी परत भेंडी, काकडी, चवळी, गवार, लाल माठ, ही उन्हाळी भाजी.

कोकणात राहत असाल तर पाऊस लवकर आणि दणकून, वेल जरा उंचावर लावा आणि निचऱ्याकडे दुप्पट लक्ष द्या. विदर्भात एप्रिल-मेमध्ये शेडनेटशिवाय काही टिकणार नाही, माझी नागपूरची नणंद तर मे महिना सरळ सुट्टी म्हणून धरते, माती उन्हात तापवते, आणि खरं तर ते उत्तम करते, मातीतली निम्मी कीड त्यातच जाते.

पहिल्यांदाच करताय? मग सगळं नका लावू. नोव्हेंबरात मेथीचा एक क्रेट, एका कुंडीत कोंब आलेले पाच कांदे (पातीसाठी), आणि भाजीच्या जुडीतल्या पुदिन्याच्या दोन काड्या. तीन आठवड्यांत ताटात काहीतरी येतं. सुरुवातीला हे फार गरजेचं असतं, ताटात काहीतरी येणं.

पेरणी

मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातली चालते. धणेही चालतात, पण अख्खे नाही: एक धणा म्हणजे दोन बिया चिकटलेल्या असतात, त्या वेगळ्या करायला लागतात. पोळपाटावर पसरून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं, दोन फाकी झाल्या की थांबायचं, पूड नको. मग रात्रभर पाण्यात. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस घेतात आणि नवखे लोक सहाव्या दिवशी उकरून बघतात. उकरू नका. मी उकरलंय.

बी किती खोल, तर त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट, बस. भेंडी रात्रभर भिजवा. कारल्याची बी टणक असते, टोकाला नेलकटरने जराशी खरवडून मग भिजवली की पटकन उगवते. बी पेरल्यावर झारीने पाणी, पाइपने नाही, पाइपच्या धारेने सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. आणि लगेच वरून जुनी मच्छरदाणी, कारण पुण्यातली कबुतरं. मेथीचे कोंब वर आले रे आले की ती ओळीने उपटतात, खातही नाहीत, नुसती उपटून ठेवतात.

विरळणी करताना सगळ्यांचा जीव तुटतो. मुळ्याच्या क्रेटमध्ये चाळीस रोपं आली म्हणून चाळीस मुळे होत नाहीत, चाळीस शेपट्या होतात. दोन-दोन इंचांवर एक ठेवा, बाकीची कोवळी उपटून पिठलं-भाकरीबरोबर कच्ची खा. टोमॅटोचं रोप मात्र लावताना खालची पानं काढून दांड्याचा बराच भाग मातीत पुरा, त्या पुरलेल्या दांड्याला मुळं फुटतात आणि रोप दणकट होतं. वांग्या-मिरचीला असं काही करायला नको.

दुधीची गोष्ट

सहाव्या वर्षीची. दुधीचा वेल मांडवभर, पांढरी फुलं, फुलांमागे बोटाएवढे केसाळ दुधी, आणि दर दोन दिवसांनी ते बोटभर दुधी पिवळे पडून गळायचे. चार आठवडे. खत घातलं, ताक शिंपडलं, यूट्यूबवर एकाने सांगितलं शेंडा खुडा, खुडला. काही नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत, तेव्हा सत्तरीच्या होत्या, त्या वर पापड वाळत घालायला आल्या आणि म्हणाल्या, तू बागेत येतेस कधी? म्हटलं सकाळी सहाला, ऑफिसच्या आधी. म्हणाल्या, मग तुला काय दिसणार, दिवेलागणीला ये.

साडेसहाला वर गेले. सकाळी मिटलेली, चुरगाळलेली दिसायची ती फुलं टपोरी उमललेली, अंधारात कागदासारखी पांढरी. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत मिटतं, त्याचे पाहुणे म्हणजे रात्रीचे पतंग. चौथ्या मजल्यावर, सोडियमच्या दिव्यांच्या गर्दीत, पतंग कुठून येणार आणि कशाला. काकूंनी एक फूल तोडलं, लांब दांड्याचं, मागे फळ नसलेलं, हे नर. पाकळ्या मागे दुमडल्या, आतली पिवळी परागाची कांडी बोटाला लावून दाखवली, पिवळी पूड लागली. मग फळवाली मादी शोधली, तिच्या आतल्या फुगीर, चिकट भागावर ती कांडी हलकेच तीन-चार वेळा फिरवली. झालं. "लग्न लागलं," म्हणाल्या, आणि पापड उचलून खाली गेल्या. तो दुधी चौथ्या दिवशी वाकायला लागला, बाराव्या दिवशी मी तोडला, लेकीने सोसायटीभर मिरवला.

तर वेलांच्या बाबतीत आधी हे शोधा की तुमचं फूल कधी उमलतं. दुधी आणि शिरांचा दोडका संध्याकाळी. घोसाळं सकाळी, दोडक्याचं सख्खं भावंड असून. लाल भोपळा, कारलं, काकडी सकाळी, आणि भोपळ्याचं फूल ऊन तापेपर्यंत मिटायला लागतं म्हणून आठच्या आत. सुरुवातीचे आठ-दहा दिवस वेलाला नुसती नर फुलं येतात, घाबरू नका, ती गळणारच. मादी नंतर येते. भोपळ्याची जादा नर फुलं तोडून भजी करा.

कीड

रोज पानं उलटी करून बघायची, एवढंच खरं औषध. मावा (रस शोषणारे बारीक किडे) आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला असतात. पिठ्या ढेकूण म्हणजे कापसाचे पुंजके, आणि दांड्यावर मुंग्यांची रांग दिसली की समजा वर मावा किंवा पिठ्या आहे, मुंग्या त्यांच्या गोड चिकट पाण्यासाठी येतात आणि राखण करतात. सुरुवात असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, जुन्या टूथब्रशने घासा. वाढलं तर एक लिटर पाण्यात आधी भांड्याच्या साबणाचे थेंब, मग ५ मिली नीमतेल, ढवळून संध्याकाळी फवारा, दर सहा-सात दिवसांनी तीनदा. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात आणि मधमाश्यांनाही त्रास.

आता एक गुन्हा कबूल करते. चवळीवर मावा होता आणि त्यात काळ्या-नारिंगी, खवल्यांच्या, छोट्या मगरीसारख्या अळ्या फिरत होत्या, मला वाटलं ही आणखी वाईट जात, सगळ्या चिमट्याने वेचून मारल्या. नंतर कळलं ती लेडीबर्डची पिल्लं, तो लाल, काळ्या ठिपक्यांचा गोंडस किडा मोठेपणी दिसतो तो, आणि मावा खाण्यात ही पिल्लं आईबापांच्या वरताण. मदतीला आलेल्यांना मीच मारत होते. तेव्हापासून नियम, ओळख पटल्याशिवाय मारायचं नाही, आधी फोटो, मग वही, मग साबण.

भेंडीची पानं पिवळी आणि शिरा त्याहून पिवळ्या झाल्या की तो केवडा रोग, पांढरी माशी पसरवते, त्यावर औषध नाही, झाड उपटा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली परभणी क्रांती ही भेंडी याच रोगाला दाद देत नाही म्हणून नावाजली, मी तीच लावते, तरी पावसाळ्यात एखादं झाड जातंच. मिरचीची पानं आकसून होडीसारखी झाली तर चुरडा-मुरडा, वाईट शेंडे खुडून नीमतेल. काकडी-भोपळ्यावर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी आली की एक भाग आंबट ताक नऊ-दहा भाग पाण्यात, माझ्याकडे बऱ्यापैकी आटोक्यात राहते.

पाणी बोट बघून घाला. दोन पेरं आत बोट, कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर झारी खाली ठेवा. कुंडीत भाज्या मरतात त्या तहानेने कमी आणि बुडून जास्त, निदान माझ्याकडे तरी. मातीवर पालापाचोळ्याचं दोन इंच आच्छादन घातलं की एप्रिलमध्ये दोनदाऐवजी एकदाच पाणी पुरतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला तर तुमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार, पावसाळ्यात कुंड्या चांगल्या धुऊन निघू द्या. आरओचं वाया जाणारं पाणी रोज घालू नका, त्यात हेच क्षार आणखी दाट असतात.

बी धरा

हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू करा, त्याआधी नको, त्याआधी सगळं खाऊन टाका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे माहीत असतीलच, शाळेत न गेलेल्या बाईंनी गावठी बियाणांची बँक उभी केली आणि २०२० सालचा पद्मश्री त्यांना मिळाला. त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की आपण दर वर्षी ४० रुपयांचं पाकीट का घेतोय.

पाकिटावर एफ-१ किंवा हायब्रीड लिहिलेलं असेल तर बी धरून उपयोग नाही, पुढची पिढी भलतीच निघते. गावठी किंवा सुधारित वाण घ्या. भेंडीची पहिली दोन-तीन तोडून खा, मग सगळ्यात चांगल्या झाडावरची एक शेंग लोकरीचा दोरा बांधून तशीच वाळू द्या. दोरा बांधायचाच, नाहीतर सासूबाई तोडतात. टोमॅटोचा गर वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, वर फेस येतो, वास येतो, मग चोळून धुऊन ताटलीवर सावलीत वाळवा, कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं. वालाचं बी राखेत घोळून बरणीत. प्रत्येक पुडीवर नाव आणि महिना. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, टोमॅटो-वांग्याचं तीन-चार वर्षं टिकतं. जुनं बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सहा उगवले तर पेरा पण जरा दाट, दोन उगवले तर पाखरांना द्या.

वहीत काय लिहायचं

काही नाही, एक ओळ. तारीख, काय लावलं, कुठल्या बादलीत, बी कुठलं, आणि मागे जागा सोडायची, तिथे काय झालं ते नंतर. माझी एक नोंद वाचून दाखवते: "१९ ऑक्टो. शेपू, क्रेट ३, मंडईतलं बी. २७ ला उगवला. २४ नोव्हें. पहिली भाजी. उजव्या कोपऱ्यात उगवलाच नाही, पाणी तिथे साचतं." पुढच्या वर्षी त्या क्रेटखालची वीट सरळ केली. एवढंच. पण अशा नऊ वर्षांच्या ओळी झाल्यात आणि त्यात माझ्या गच्चीचं म्हणून एक वेगळं पंचांग तयार झालंय, जे कुठल्या पुस्तकात नाही कारण पुस्तक लिहिणाऱ्याला माझी टाकी माहीत नाही.

कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांचा प्रयोग परिवार याच तत्त्वावर चालायचा, शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचा, मोजायचं, आणि दुसऱ्या शेतकऱ्याला सांगायचं, तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांनी त्यातून काय काय करून दाखवलं. आपल्या दहा बादल्यांना एवढं मोठं नाव द्यायला नको, पण पद्धत तीच घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बादल्या सारख्या, एकीत नीमपेंड, एकीत नाही. मी एकाच वर्षी माती, बी आणि जागा तिन्ही बदलायचे आणि मग कशाने सुधारलं तेच कळायचं नाही.

आणि घाई करता येत नाही हे आधीच मान्य करा. कॉम्प्युटरवर फॉर्म्युला चुकला तर पाच मिनिटांत परत लावता येतो, हस्त चुकला तर पुढचा हस्त वर्षाने. मला ११ वर्षं झाली म्हणते, म्हणजे फक्त ११ जून बघितलेत मी, त्यातले दोन तर लिहिलेलेच नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आता ७५ च्या पुढे आहेत, गुडघे दुखतात म्हणून लिफ्टने शेवटच्या मजल्यापर्यंत येतात आणि उरलेला जिना बसत बसत चढतात, आणि परवा मला विचारत होत्या की ते मायक्रोग्रीन्स म्हणजे नक्की काय असतं गं, मोहरीचं करून बघू का. म्हटलं, बी दाट पेरायचं आणि कोवळी रोपं बोटभर झाली की कापून खायची. केलं त्यांनी, ढोकळ्याच्या ताटलीत. पहिलं बुरशीने गेलं. दुसऱ्यांदा पाणी कमी केलं.

माझी स्वतःची गवार अजून जमलेली नाही, हेही सांगून टाकते. चार वर्षं. झाड कंबरेएवढं, पानं काळीभोर हिरवी, शेंगा मोजून सात. वही चाळली तेव्हा लक्षात आलं की चारही वर्षं तिला मी टोमॅटोच्या तयारीची माती दिली, भरपूर खत, रोज पाणी, म्हणजे लाडाने बिघडवली. गवार शेंगवर्गीय, नत्र तिला स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून मिळतं, वरून खत ओतलं की नुसता पाला. आणि तिचं सोटमूळ खोल जातं, म्हणून २० लिटरच्या बादलीऐवजी या वेळी जुना ५० लिटरचा ड्रम काढलाय. एका ड्रममध्ये गेल्या वर्षीच्या मुळ्याची थकलेली माती, खत न घालता. दुसऱ्यात नेहमीची. पाणी दोन्हीकडे तीन दिवसांनी, पेरणी १५ फेब्रुवारीला, बी काकूंच्या सातारच्या भाचीकडचं. ड्रमवर खडूने १ आणि २ लिहून ठेवलंय.